तीन पऱ्हाट्या : इतिहासाचं पुस्तक लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

पाठ्यपुस्तक समितीचे माननीय सदस्य आणि वर्गात इतिहास शिकवणारे माझे शिक्षक बंधुभगिनी,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी ३१ वर्षं इतिहास आणि भूगोल शिकवला. आता निवृत्त आहे. शाळा सुटली तरी मुलं सुटत नाहीत, शेजारपाजारची पोरं वह्या घेऊन घरी येतात. मागच्या महिन्यात अशीच एक नववीतली मुलगी आली. तिच्या वहीत प्रश्न होता, ‘आफ्रिकेतील लोकांनी वसाहतवादी सत्तेविरुद्ध बंड का केले?’ खाली सुवाच्य अक्षरात उत्तर उतरवलेलं : तिथल्या टोळ्या मागासलेल्या होत्या, त्यांच्यात अंधश्रद्धा फार होती, त्यांना नवे बदल मान्य नव्हते, आणि हत्यारं जुनाट असल्यामुळे त्यांचं बंड मोडून काढण्यात आलं. बाजूला लाल शाईत बरोबरची खूण.

मला त्या मुलीला काही बोलता आलं नाही. कारण जवळपास हेच उत्तर मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून दिलं आहे. ते चूक आहे हे मला उशिरा कळलं. ज्या मुलांना मी ते शिकवलं ती आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्यापर्यंत मला पोहोचता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

या उत्तरात प्रश्नाचं उत्तरच नाही. लोकांनी हत्यार का उचललं असं विचारलं होतं. लोक कसे होते हे सांगून आपण मोकळे झालो. राज्यकर्त्यांनी काय केलं, याचा त्यात एक शब्द नाही.

मी सुरुवात कापसापासून करते, कारण माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माहीत होती आणि मी त्याचा कधी उपयोग करून घेतला नाही.

आजच्या टांझानियाच्या दक्षिणेला किल्वाच्या मागे मातुंबीचे डोंगर आहेत. १९०५ मध्ये हा मुलूख जर्मन पूर्व आफ्रिकेत होता. जर्मनीतल्या कापडगिरण्यांना अमेरिकेच्या रुईवर अवलंबून राहायचं नव्हतं, आपल्याच वसाहतीत कापूस पिकवायचा होता. गव्हर्नर ग्योत्सेन यांनी १९०२ पासून किनाऱ्याजवळच्या जिल्ह्यांत गावोगावी एक सामाईक शेत काढायला लावलं. त्यात कापूस लावायचा आणि गावातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने वर्षाला सुमारे २८ दिवस तिथे राबायचं. कागदावर हिशेब सरळ होता : विक्रीतून येईल त्यातला एक वाटा राबणाऱ्यांना, एक गावच्या मुखियाला, एक जिल्ह्याच्या तिजोरीला. प्रत्यक्षात राबणाऱ्यांच्या हाती जे पडलं ते इतकं थोडं होतं, की काहींनी ते घेण्याचंच नाकारलं.

आता हे २८ दिवस कोणते, हे शेतकऱ्याच्या पोराला विचारा. पेरणी, निंदण आणि वेचणीचे दिवस कापसाला हवे असतात, तेच दिवस पोटाच्या पिकालाही हवे असतात. मातुंबीतली माणसं साहेबाच्या कापसावर वाकलेली असताना त्यांच्या ज्वारी-मक्यात रानडुकरं शिरत होती. वर अंगावर चाबूक. गावावर देखरेखीला जर्मनांनी ‘अकिडा’ नेमले होते. हे बहुतेक किनाऱ्यावरचे, परक्या भाषेचे आणि परक्या धर्माचे लोक. त्यांच्याखाली ‘जुंबे’, म्हणजे गावचे मुखिया, आणि हाताशी बंदूकधारी ‘अस्कारी’. आपल्याकडे या सगळ्याला एक नेमका शब्द आहे : वेठबिगार. पुस्तकात तो वापरा. ‘सक्तीचे श्रम’ म्हटलं की मुलं पान उलटतात.

जुलै १९०५ च्या अखेरीला नांदेते गावच्या मंडळींनी ठरवलं की आता पुरे. न्गुलुंबाल्यो मांदाई आणि लिंदिम्यो माचेला हे दोघे कापसाच्या शेतात गेले आणि त्यांनी तीन रोपं उपटली. फक्त तीन. ती त्यांनी चोरली नाहीत, जाळली नाहीत. मुळासकट उपटून टाकली, जेणेकरून किबात्याचा अकिडा सेफू बिन आम्री याला निरोप कळावा. माजी माजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धाची ही पहिली कृती. ही नावं आणि ही हकिगत आज आपल्याला माहीत आहे ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींमुळे. १९६०च्या दशकात दार-ए-सलाममधले इतिहासाचे विद्यार्थी गावोगाव फिरले आणि त्यांनी त्या लिहून घेतल्या. हा तपशीलही मुलांना सांगण्यासारखा आहे. सरकारी दप्तरात जे नव्हतं ते आज्यांच्या आणि आजोबांच्या तोंडून मिळालं, आणि ते टिपून घेणारे वयाने आपल्या कॉलेजातल्या पोरांएवढेच होते.

मंदिर, मंत्र, भुतंखेतं यांतलं काहीही पहिलं नव्हतं. पहिली पऱ्हाटी होती.

तुम्ही म्हणाल, ‘माजी’ म्हणजे पाणी. बंदुकीच्या गोळ्यांचं पाणी होईल अशा मंतरलेल्या पाण्यावर त्या लोकांचा विश्वास होता, मग त्याला अंधश्रद्धा नाही तर काय म्हणायचं? हा प्रश्न मी टाळत नाही. रुफिजी नदीच्या खोऱ्यात न्गारांबे नावाच्या ठिकाणी किंजिकितिले न्ग्वाले नावाचा माणूस १९०४ मध्ये लोकांना एकत्र करू लागला. त्याच्या अंगात देवता येते अशी श्रद्धा होती. तो पाणी देई, त्यात एरंडेल आणि बाजरीसारख्या धान्याचे दाणे असत. ते पाणी घेतलेल्याला गोळी लागणार नाही असं सांगितलं जाई, आणि लोक ते मानत होते. ते खरं ठरलं नाही. ३० ऑगस्ट १९०५ रोजी माहेंगेच्या ठाण्यावर हजारो माणसं दोन मशीनगनच्या तोंडावर चालून गेली आणि शेकड्यांनी पडली. हे लपवायचं कारण नाही.

पण त्या पाण्याने दुसरंही एक काम केलं, आणि ते गोळी अडवण्यापेक्षा मोठं होतं. दक्षिण टांझानियात वेगवेगळ्या भाषा बोलणारे, वेगवेगळ्या मुखियांचे, कित्येकदा एकमेकांशी वैर असलेले वीसेक समाज होते. त्यांना एका बाजूला उभं करणारा राजा नव्हता, पक्ष नव्हता, वर्तमानपत्र नव्हतं. ते काम त्या पाण्याने केलं. एकदा ते घेतलं की माणूस शब्दात बांधला गेला. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ काय असते हे ज्या भाषेला ठाऊक आहे, त्या भाषेत हे समजावून सांगायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे देवासमोर शपथा घेऊन लढायला निघालेल्यांच्या लढ्याचं कारण आपण अंधश्रद्धा असं लिहीत नाही. लढ्याचं कारण एक असतं आणि लढ्यासाठी माणसांना बांधणारी दोरी दुसरी असते. गव्हर्नर ग्योत्सेन यांना ही दोन्ही एकच आहेत असं दाखवणं सोयीचं होतं. मांत्रिकांनी लोकांची डोकी फिरवली असं म्हटलं की चाबकाचा, कराचा आणि कापसाचा विषयच निघत नाही. त्यांची सोय समजण्यासारखी आहे. पण शंभराहून अधिक वर्षांनंतर यवतमाळच्या मुलीच्या वहीत तेच का उतरावं?

आणि ही माणसं बंदुका बघितल्या नसलेली भाबडी नव्हती. त्याच देशातल्या हेहे लोकांनी ऑगस्ट १८९१ मध्ये लुगालो इथे जर्मनांची अख्खी फौजी तुकडी गारद केली होती. त्यांचा राजा म्क्वावा १८९८ पर्यंत हाती लागला नाही. शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९०५ मध्ये मात्र हेहे लोक या युद्धात उतरले नाहीत, उलट जर्मनांच्या बाजूला राहिले. दक्षिणेकडच्या सोंगेया भागातले न्गोनी लोक उतरले, पण त्यांची कारणं मातुंबीच्या शेतकऱ्यांसारखी नव्हती. ते स्वतः एकेकाळी आसपासच्या गावांवर स्वाऱ्या करणारे, गुलाम बाळगणारे होते; जर्मनांनी त्यांच्या सरदारांचा हा दरारा मोडला होता आणि त्यांना तो परत हवा होता. सगळे एकाच कारणाने लढले नाहीत आणि सगळे लढलेही नाहीत. आपल्या १८५७ बद्दल आपण हे बारकावे शिकवतो. आफ्रिकेच्या वाट्याला ‘टोळ्या’ हा एकच शब्द येतो.

या शब्दाबद्दल मला तुमच्याकडे विशेष तक्रार करायची आहे. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते, टोळधाड पिकावर पडते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्याच देशातल्या कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो पुसायला त्या समाजांना किती पिढ्या लागल्या आणि अजून लागताहेत हे महाराष्ट्राला सांगायला नको. तोच शिक्का आपण एका शब्दाने अख्ख्या खंडावर मारतो. न्गोनी, टेम्ने, इग्बो, हेरेरो हे लोक आहेत, समाज आहेत. त्यांना त्यांच्या नावांनी हाक मारा.

आता रुपयाकडे येते. भूगोलाच्या तासाला मी हे सांगायला हवं होतं.

जर्मन पूर्व आफ्रिकेत १८९८ पासून झोपडीवर कर बसला. आपण त्याला घरपट्टी म्हणू. पण ही घरपट्टी नळाची, दिव्याची किंवा रस्त्याची नव्हती. माणसाने स्वतःच्या हाताने कुडाचं घर बांधलं, त्यात तो राहतो, एवढ्याबद्दल ती होती. खेड्यातल्या घरामागे साधारण ३ रुपये. हो, रुपयेच. हिंदी महासागराच्या त्या किनाऱ्यावर मुंबईचा व्यापार इतका जुना होता की तिथलं चलन आपला रुपया होता. जर्मनांनी स्वतःचं नाणं पाडलं तेही रुपयाच्या तोलाचं, एका बाजूला कैसरचं तोंड, आणि नाव ‘रुपी’. सुरुवातीला त्याचे ६४ भाग होते, त्यांना ‘पेसा’ म्हणत. आजही स्वाहिली भाषेत पैशाला पेसाच म्हणतात.

मातुंबीच्या माणसाकडे ज्वारी होती, मध होता, कोंबड्या होत्या, रुपया नव्हता. तो मिळवायचा तर गोऱ्याच्या मळ्यावर जा, नाहीतर माल मिळेल त्या भावाने दुकानदाराला विक. कराचा खरा हेतू हाच होता. शेजारच्या ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या गव्हर्नरने १९१३ मध्ये हे उघड बोलून दाखवलं : स्थानिक माणसाने आपला मुलूख सोडून कामाला यावं यासाठी कर हा एकच मार्ग आहे. तिजोरी भरणं दुय्यम. माणूस घरातून उठवणं हे पहिलं काम.

यात आपलीही माणसं होती आणि तेही लपवू नये. किनाऱ्यावरची दुकानं गुजराती, कच्छी, खोजा, भाटिया व्यापाऱ्यांची होती. माजी माजीच्या पहिल्या दिवसांत समांगा इथली हिंदी आणि अरब व्यापाऱ्यांची वस्ती जाळली गेली. त्याआधी १८९६ मध्ये मोंबासाच्या किनाऱ्यावर मझरुई घराण्याचं बंड मोडायला इंग्रजांनी जी पलटण आणली ती मुंबई लष्करातली होती. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात आपल्या कुणब्यांनी सावकाराची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. ते का जाळले हे आपली मुलं व्यवस्थित सांगतात : रोख सारा भरायचा, त्यासाठी सावकाराचं तोंड बघायचं, त्याच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. समांग्याचं दुकान का जळलं हे सांगायला तीच मुलं अडखळतात. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

या युद्धाचा शेवट पुस्तकात ‘बंड मोडून काढण्यात आले’ या चार शब्दांत आटपतो. ते कसं मोडलं ते ऐका. किंजिकितिलेला ४ ऑगस्ट १९०५ रोजी, म्हणजे युद्ध पेटताच, फाशी दिली. पण माणसं मारून लढाई संपत नाही म्हटल्यावर जर्मन अधिकाऱ्यांनी ठरवलं की आता उपासमारच लोकांना शरण आणेल. गावं जाळली, उभी पिकं जाळली, धान्याच्या कणग्या उचलून नेल्या, पेरणी होऊ दिली नाही. १९०७ पर्यंत हे चाललं. जर्मनांच्या बाजूचे १५ युरोपीय आणि काहीशे आफ्रिकी शिपाई मेले. लोकांचे किती? जर्मनांच्याच हिशेबाने ७५ हजार. नंतरच्या टांझानियन इतिहासकारांच्या अंदाजाने अडीच ते तीन लाख, बहुतेक सगळे भुकेने. कापसाच्या शेतापायी ज्यांचं पोटाचं पीक गेलं म्हणून ते उठले, त्यांना शेवटी भुकेनेच मारलं. काही भागांत रान पुन्हा इतकं माजलं की जिथे गावं होती तिथे नंतर फक्त जनावरं राहिली.

सोंगेयामध्ये फेब्रुवारी १९०६ मध्ये न्गोनी सरदार आणि त्यांचे लोक सामुदायिक फाशी गेले. सरदार सोंगेया म्बानो यांना काही दिवसांनी फाशी दिलं. त्यांच्याच नावाने आज ते शहर ओळखलं जातं. त्यांचं शिर जर्मनीला नेलं असं त्यांचे वंशज सांगतात आणि अजून त्याचा शोध घेत आहेत. १ नोव्हेंबर २०२३ रोजी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर सोंगेयाला गेले, त्या घराण्यातल्या लोकांना भेटले आणि त्यांनी जर्मनीच्या वतीने क्षमा मागितली. ज्या देशाने ते केलं त्याच्या राष्ट्राध्यक्षांनी मान खाली घातली, आणि आपल्या उत्तरांत अजून दोष लोकांच्या मागासलेपणाचा आहे.

सिएरा लिओनचं उदाहरण मी थोडक्यात देते, पण ते गाळू नका, कारण तिथे सरकारच्याच माणसाने खरं लिहून ठेवलं आहे. १८९८ च्या जानेवारीपासून गव्हर्नर कार्ड्यू यांनी तिथल्या घरांवर ५ शिलिंगांची पट्टी लावली. त्याआधी तिथल्या मुखियांनी अर्ज केले होते, शिष्टमंडळं पाठवली होती. टेम्ने लोकांची समजूत साधी होती : घराचं भाडं परक्याला द्यायचं म्हणजे घर आपलं उरत नाही. बाई बुरेह नावाच्या मुखियाने महिनोन्‌महिने इंग्रज फौजेला रानात झुंजवलं. तो नोव्हेंबरमध्ये पकडला गेला. चौकशीला विलायतेहून सर डेव्हिड चाल्मर्स आले. त्यांनी अहवाल दिला की युद्धाचं कारण ही पट्टी आणि ती वसूल करण्याची रीत हेच आहे, ती रद्द करा. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि पट्टी चालू राहिली. म्हणजे कारण राज्यकर्त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या टेबलावर ते लेखी पडलेलं होतं.

नामिबियात हेरेरो लोकांची गुरं आणि जमीन उधारीच्या व्यापाऱ्यांनी आणि वसाहतवाल्यांनी गिळली, ते १९०४ मध्ये उठले, आणि जनरल फॉन ट्रोथा यांनी त्यांना वाळवंटात हाकलून पाण्याच्या जागा अडवल्या. त्यावर वेगळा धडा हवा. त्याला ‘बंड मोडले’ म्हणू नका, तो वंशसंहार होता; जर्मन सरकारनेही २०२१ मध्ये ते मान्य केलं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मला एक पूर्ण तास हवा ती सांगते. माझ्या सगळ्या नोकरीत मी ती एकदाही सांगितली नाही, कारण मला माहीतच नव्हती.

नायजेरियाच्या दक्षिण-पूर्व भागात इग्बो लोकांच्या बहुतेक गावांत राजे नव्हतेच. गाव बसून ठरवी. इंग्रजांना मात्र हुकूम द्यायला एक माणूस लागतो. त्यांनी काही जणांच्या हाती परवाना दिला आणि त्यांना मुखिया केलं. लोक त्यांना ‘वॉरंट चीफ’ म्हणत, कागदाने झालेला मुखिया. कुणाचं सोयरं नाही, कुणाच्या परंपरेत नाही, तो आता न्यायही देणार आणि वसुलीही करणार. मग पुरुषांची शिरगणती झाली. कराचा काही संबंध नाही असं लोकांना समजावलं गेलं. १९२८ मध्ये पुरुषांवर कर आला.

नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात पुन्हा मोजदाद सुरू झाली. मुखिया ओकुगोचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या अंगणात आला. ती पाम तेल काढत होती. त्याने तिला तिची माणसं आणि शेळ्यामेंढ्या मोजून दे म्हटलं. ती म्हणाली, तुझ्या आईला मोजलं होतं का? दोघांची झटापट झाली. ती तिथून तडक गावच्या बायकांच्या बैठकीत गेली. पामची पानं निरोप म्हणून गावोगाव फिरली आणि हजारो बायका ओलोकोत जमल्या.

त्यांची रीत त्यांच्याच समाजातली होती. बायकोला छळणाऱ्या, बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषाच्या दारात बायका रात्रंदिवस बसत, त्याची उणीदुणी काढणारी गाणी म्हणत, प्रसंगी त्याच्या घराचं छप्पर उतरवत. याला ते ‘माणसावर बसणं’ म्हणत. आता त्या मुखियावर बसल्या. ओकुगोची टोपी, म्हणजे त्याच्या अधिकाराची खूण, त्यांनी मागितली आणि मिळवली. त्याला शिक्षाही झाली. डोक्याला पानं बांधलेल्या, तोंडाला राख फासलेल्या बायका गावामागून गाव उठत गेल्या. त्यांनी परवान्याच्या मुखियांच्या कचेऱ्या फोडल्या, गोऱ्या कंपन्यांच्या वखारींवर चाल केली. वखारींवर का? कारण त्या वर्षी पाम तेलाचा भाव कोसळला होता आणि बाहेरून येणारा माल मात्र महाग झाला होता. बाजार बायकांच्या हातात होता, त्यामुळे भावाचा फटका पहिल्यांदा त्यांनाच बसला. डिसेंबरमध्ये फौजेने गोळ्या चालवल्या, सगळ्यात जास्त ओपोबो इथे. ५० हून अधिक बायका मेल्या. इंग्रज दप्तरात याचं नाव ‘अबा दंगल’. त्या बायका याला ‘ओगू उमुन्वान्यी’ म्हणतात, म्हणजे बायकांचं युद्ध. त्यानंतर बायकांवर कर बसला नाही, आणि काही वर्षांत परवान्याच्या मुखियांची व्यवस्था इंग्रजांना बदलावी लागली.

माझ्या वर्गात निम्म्या मुली होत्या. मी त्यांना आफ्रिकेच्या धड्यात एकही बाई दाखवली नाही.

केनियाबद्दल दोन गोष्टी. गिकुयू लोकांच्या सुपीक डोंगरउतारांच्या जमिनी गोऱ्या मळेवाल्यांना दिल्या गेल्या. त्याच जमिनीवर गिकुयू कुळं म्हणून, मजूर म्हणून राबू लागले. प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ‘किपांदे’ नावाचा पास जवळ बाळगावा लागे. कोणाकडे कामाला होता, किती मजुरी होती हे त्यावर लिहिलेलं, आणि तो धातूच्या डबीत गळ्यात अडकवलेला. हे ज्याने गळ्यात वागवलं त्याला १९५२ मध्ये माउ माउच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र उठावाच्या, शपथा का घ्याव्याशा वाटल्या हे वेगळं सांगायला नको. त्या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांनी गोऱ्या कुटुंबांच्या हत्यांची वर्णनं छापली; मारले गेलेले गोरे रहिवासी ३२ होते. फाशी गेलेले आफ्रिकी हजाराहून अधिक. २०१३ मध्ये ब्रिटनने छळछावण्यांतल्या अत्याचारांबद्दल खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांना भरपाई दिली.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९४८ मध्ये नैरोबीत स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून गेले ते साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत. वडिलांनी औंधमध्ये प्रजेच्या हाती कारभार दिला होता, त्या प्रयोगात हेही होते. नैरोबीत ते केनियाचे स्वातंत्र्यनेते जोमो केन्याट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांत मिसळले, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला पाठवण्यासाठी झटले. गोऱ्यांना ते इतकं सललं की ब्रिटिश सरकारने दिल्लीकडे तक्रारी केल्या, आणि १९५४ मध्ये पंतांना तिथून निघावं लागलं. त्याच वर्षी नैरोबीत एका गोवेकराला अटक झाली. पिओ गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, शिक्षण भारतात, गोवामुक्तीच्या कामात पडलेला, पोर्तुगीज पकडतील म्हणून केनियाला परतलेला. त्याने माउ माउच्या लढवय्यांना मदत केली, त्यापायी अनेक वर्षं स्थानबद्धता भोगली. केनिया स्वतंत्र झाल्यावरही तो भूमिहीनांची बाजू मांडत राहिला आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या दारातच गोळ्या घालून त्याला मारलं. औंधच्या आणि गोव्याच्या या दोन माणसांना आफ्रिकेतले लोक का उठले ते तिथे राहून कळलं होतं. त्यांची नावं आपल्या पुस्तकात एका ओळीत तरी यावीत.

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने घेतलाही : ‘बाई, तुम्ही सगळं कर आणि कापूस यांवर आणून ठेवता. मग स्वातंत्र्याची ओढ होती की नव्हती?’ होती. टांझानियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जुलियस न्येरेरे यांनी १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे बोलताना माजी माजीची आठवण काढली आणि सांगितलं की लोक भीतीपोटी किंवा अंधश्रद्धेच्या शपथेपोटी उठले नाहीत. परक्याचं राज्य झुगारण्याची हाक शिकलेल्या-अडाणी सगळ्याच माणसांच्या मनात असते, तिला त्यांनी साद दिली. मी त्यांच्याशी सहमत आहे. फक्त मला असं वाटतं की मातुंबीच्या शेतकऱ्याला परकं राज्य भेटलं ते कापसाच्या शेतात, टेम्ने माणसाला स्वतःच्या उंबऱ्यावर, न्वान्येरुवाला अंगणात, गिकुयू मजुराला गळ्यातल्या डबीत. तिथून सुरुवात केली तर नववीच्या मुलीला स्वातंत्र्य हा शब्द पाठ करावा लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी व्यवहारी आहेत. पुढच्या आवृत्तीत ‘टोळी’ आणि ‘मागासलेले’ हे शब्द या धड्यांतून काढावेत. नांदेते, सोंगेया आणि ओलोको ही तीन नावं नकाशावर असावीत. प्रश्न बदलावा : ‘बंड का केले’ याऐवजी ‘१८९८ ते १९२९ या काळात कराने घरात शिरून काय केले’ असं विचारावं, आणि उत्तरात एका तरी माणसाचं नाव मागावं. मुलांना आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना साऱ्याच्या, सावकाराच्या, वेठीच्या आठवणी विचारून लिहून आणायला सांगावं, दार-ए-सलामच्या विद्यार्थ्यांनी केलं तसं. आमच्या भागात अजून अशी माणसं आहेत. फार वर्षं नसतील.

आणि शिक्षकांनो, पुस्तक बदलेपर्यंत थांबू नका. ज्यांना एकट्याने हा धडा घ्यायला अवघड वाटेल त्यांनी मला बोलवावं. एसटीने जिथवर जाता येईल तिथे मी स्वखर्चाने येईन. पोळ्याच्या आसपास बोलवलंत तर बरं, तेव्हा आमच्या शेतात पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आलेली असते. तीन रोपं मुळासकट घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जिल्हा यवतमाळ